पीठ, भुसा, पावडर आणि स्फोट: नागपूरच्या कारखान्यांतून नेहमी येणारे प्रश्न

एप्रिल २०२५ मध्ये उमरेड एमआयडीसीतल्या अॅल्युमिनियम पावडरच्या कारखान्यात स्फोट झाला, कामगार गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मला हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, लकडगंज अशा सगळीकडून फोन येत होते. विचारणाऱ्यांत मालक होते, फोरमन होते, दोन-तीन हेल्परही होते. एरवी आपल्याकडे स्फोट म्हटला की बारुदचे कारखाने आठवतात. या वेळी मात्र दाल मिलवाल्यालाही शंका आली की आपल्या शेडमध्ये पसरलेलं हे काय आहे. बरीच वर्षं कारखान्यांच्या सुरक्षेचं काम केल्यामुळे तेच तेच प्रश्न माझ्याकडे जमले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो.

बेसनाचा कधी स्फोट होतो का? पोत्याला काडी लावली तरी नीट पेटत नाही!

पोतं पेटत नाही हे खरं. सागाचा ओंडकाही काडीने पेटत नाही, पण त्याच ओंडक्याच्या रंध्याच्या ढलप्या भुर्रकन पेटतात. त्याच्याही पुढे जाऊन लाकडाचं पीठ केलं आणि ते हवेत उडवलं, तर प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि सगळे कण जवळजवळ एकाच क्षणी जळतात. ही आग बंद जागेत लागली की तापलेल्या वायूंना फुगायला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि भिंत, पत्रा, डक्ट (हवा आणि धूळ वाहून नेणारा पत्र्याचा नळ) यातलं जे कच्चं असेल ते फुटतं.

म्हणजे पाच गोष्टी जुळाव्या लागतात: जळणारी बारीक धूळ, हवा, ठिणगी किंवा उष्णता, धुळीचा हवेत झालेला ढग आणि बंदिस्त जागा. साध्या आगीला पहिल्या तीन पुरतात, पुढच्या दोन आल्या की तिचा स्फोट होतो. हे ज्ञान नवीन नाही. इटलीत तुरिनच्या एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात १७८५ साली असा स्फोट झाला होता आणि त्याचा लेखी वृत्तान्त आजही वाचायला मिळतो. अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न पीठगिरणी १८७८ मध्ये उडाली, त्यात १८ माणसं गेली. दोन्ही ठिकाणी माल होता गव्हाचं पीठ.

मग आमच्या भागात कोणकोणत्या धुळीला भ्यायचं?

सोपी परीक्षा अशी की जे खाता येतं, जे झाडाचं आहे किंवा जे चुलीत जळतं, त्याची बारीक आणि कोरडी धूळ धोक्याची धरा. कळमन्याच्या बाजारातून येणारी मिरची दळताना उडणारं तिखट, हळद, बेसन, डाळीची चुरी, तांदळाचा कोंडा, सोयाबीनची पेंड, साखर आणि स्टार्च हे सगळं त्यात आलं. लकडगंजच्या आरा मशीनचा जाड भुसा त्यामानाने कमी वाईट. सँडिंगची मऊ, मैद्यासारखी धूळ त्याहून कितीतरी वाईट. प्लास्टिक आणि पावडर कोटिंगचे रंगही यातच येतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जाणारा कोळसा तर आहेच. धातूंमध्ये अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम सगळ्यात उग्र.

जिनिंगमधल्या सरकी-रुईच्या तंतूंचं थोडं वेगळं आहे. तिथे स्फोटापेक्षा झपाट्याने पळणारी आग आणि गाठीच्या पोटात दिवसेंदिवस धुमसणारा विस्तव हा मुख्य धोका असतो.

सिमेंट, वाळू, चुनखडी, जिप्सम आणि मीठ यांची धूळ पेटत नाही. ती फुप्फुसाला वाईट, पण तो विषय वेगळा. उलट चुनखडीची पूड स्फोट थोपवायला वापरतात. कोळशाच्या भुयारी खाणीत दगडाची पूड मुद्दाम पसरतात, म्हणजे कोळशाची धूळ उडाली तरी तिच्यासोबत न जळणारी पूड उडते आणि ज्वाळेची उष्णता शोषून घेते. फ्रान्समध्ये कूरियेरच्या खाणीत १९०६ साली कोळशाच्या धुळीने १,०९९ माणसं मारली, त्यानंतर जगभरच्या खाणींनी हा उपाय गांभीर्याने घेतला. झारखंडमधल्या आजच्या धोरी परिसरात १९६५ साली २६८ खाणकामगार गेले, तोही असाच स्फोट होता.

वीस वर्षं मिल चालवतोय, कधी काही झालं नाही. आता काय होणार?

पाच गोष्टी एका क्षणी जुळल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या चार तुमच्याकडे रोज हजर असतात.

धूळ किती साचली की धोका समजायचा?

मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हवेत किती धूळ असली की ढग पेटतो याची खालची मर्यादा असते. धान्याच्या पिठांसाठी ती साधारण घनमीटरला ३० ते १२५ ग्रॅमच्या दरम्यान येते. एवढी धूळ हवेत असेल तर समोरचं काही दिसत नाही. कोळशाच्या अशा ढगात दोन मीटरवर पेटलेला २५ वॅटचा बल्बही दिसेनासा होतो. त्यामुळे ‘आमच्याकडे एवढी धूळ कुठे उडते’ असं मालक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. मशीनशेजारी माणूस उभा राहू शकतो, म्हणजे तिथली हवा मर्यादेच्या खूप खाली आहे.

पण आता वर बघा. बीमच्या माथ्यावर, केबल ट्रेमध्ये, डक्टच्या पाठीवर आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवर जो थर बसलाय, तो आज उडत नसला तरी उडू शकतो. त्याचा हिशेब करून पाहू. सैल पिठाचं वजन घनमीटरला सुमारे ५०० किलो धरा. एक मिलिमीटरचा थर एका चौरस मीटरवर असेल, तर ते झालं अर्धा किलो पीठ. हा थर ५ मीटर उंचीच्या खोलीभर पसरलेला असेल आणि एका धक्क्याने सगळा उडाला, तर घनमीटरला १०० ग्रॅम धूळ होते. एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीच्या तीन-चारपट. तेवढ्याने अख्खी खोली पेटण्याजोगी होते.

म्हणून अमेरिकेतल्या मानकांत ०.८ मिलिमीटर थर आणि तो जमिनीच्या ५ टक्के क्षेत्रावर, अशी ढोबळ मर्यादा वापरतात. शेडमध्ये पट्टी घेऊन कोण फिरणार? खालच्या पत्र्याचा रंग ओळखू येत नसेल तर थर जास्त झाला, एवढं लक्षात ठेवा.

आकडाच हवा असेल तर तराजू आणा. बीमच्या माथ्यावरची एक चौरस मीटर जागा मऊ ब्रशने हळूच पिशवीत झाडून घ्या आणि वजन करा. वरच्या अशा सगळ्या जागांचं क्षेत्रफळ काढून त्या वजनाने गुणा आणि शेडच्या घनफळाने भागा. एका बेसनाच्या युनिटमध्ये मी हे केलं तेव्हा फोरमन म्हणाला, ‘सर, पिशवी चुकीची भरली असन.’ आम्ही दुसऱ्यांदा मोजलं. पिशवी बरोबर होती.

पण वरची धूळ आपणहून कशी उडेल?

पहिला स्फोट उडवतो. तो बहुतेक वेळा एलेव्हेटर (माल वर चढवणारा बकेटचा पट्टा), सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणारं भांडं), पुलव्हरायझर (दळण्याचं यंत्र) किंवा बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांनी हवेतली धूळ गाळणारा डबा) अशा एखाद्या यंत्राच्या पोटात होतो आणि लहान असतो. पण त्याचा धक्का शेडभर फिरतो, बीमवरची सगळी धूळ खाली येते आणि मागून येणारी ज्वाळा त्या ढगाला लागते. माणसं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या स्फोटात.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात हेच झालं. सुरुवात झाली सायलोखालच्या (साखर साठवण्याच्या उंच टाकीखालच्या), नुकत्याच पत्र्याने झाकलेल्या कन्व्हेयर बेल्टमध्ये. आधी तो बेल्ट उघडा होता, साखरेची धूळ हवेत पांगून जायची. स्वच्छतेसाठी झाकण घातलं आणि आत धूळ कोंडली गेली. तिथून स्फोटांची माळ मजल्यामजल्यांवर साचलेल्या साखरेतून पुढे गेली. १४ माणसं गेली. मालाच्या रक्षणासाठी घातलेलं झाकण बंदिस्त जागा तयार करतं, ही गोष्ट आपल्या अन्नप्रक्रियेवाल्यांनी नीट वाचावी. झाकायचंच असेल तर आतली हवा खेचून घेण्याची सोयही सोबत करावी लागते.

ठिणगी येते कुठून? आमच्याकडे विडी-सिगारेट बंद आहे.

विडी बंद केली ते बरं केलं. पण बाकीचे पाहुणे न विचारता येतात.

पहिला मान वेल्डिंग आणि गॅस कटिंगचा. बाहेरचा वेल्डर ठेक्यावर येतो, त्याला माहीत नसतं की तो ज्या हॉपरचा (माल खाली सोडणाऱ्या निमुळत्या भांड्याचा) पाय जोडतोय त्याच्या आत काय चिकटलंय. ठिणगी डक्टमध्ये जाते आणि तासा-दोन तासांनी, तो पैसे घेऊन गेल्यावर, धूर दिसतो. म्हणून गरम कामाचा लेखी परवाना हवा, आधी ओली किंवा व्हॅक्यूमने सफाई हवी, जोडलेले डक्ट बंद हवेत आणि काम संपल्यावरही एक माणूस तिथे थांबलेला हवा.

मग एलेव्हेटर. बकेटचा पट्टा सरकून एका बाजूला घासतो किंवा जाम होऊन पुलीवरच घसरत राहतो आणि तापतो. बेअरिंगला ग्रीस नसतं. वासावरून ओळखणारे जुने फिटर आता कमी झाले, त्यामुळे बेअरिंगचं तापमान आणि पट्ट्याचा वेग दाखवणारे सेन्सर लावणं परवडतं. पुलव्हरायझरच्या तोंडाशी चुंबक आणि दगड पकडणारी जाळी हवीच. कळमन्याच्या पोत्यात खिळा, तार, खडा यातलं काय निघेल याचा नेम नाही, आणि चुंबकावर अडकलेलं लोखंड रोज काढलं नाही तर तो चुंबक शोभेचाच.

गरम मोटरवर बसलेला थर हे कारण लोक विसरतात. धूळ गोधडीसारखी असते, ती मोटरची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. खालचा पदर करपतो, धुमसतो आणि कुणीतरी झाडू मारला की निखारा ढगासकट उडतो.

शेवटी स्थिर वीज. आपल्या मे महिन्यात ती विशेष लक्षात घ्यावी. पारा ४५ च्या पुढे आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा प्लास्टिकच्या पाइपातून पावडर पळाली, नायलॉनच्या पिशव्या रिकाम्या केल्या, रबरी चपलांनी माणूस फिरला की वीज साठते. माणसाच्या अंगावरून उडणाऱ्या ठिणगीत १० ते ३० मिलिज्यूल ऊर्जा असू शकते. बहुतेक पिठांना ती कमी पडते, अगदी बारीक अॅल्युमिनियमला मात्र पुरते. धातूचा प्रत्येक डक्ट, हॉपर आणि ड्रम तारेने एकमेकांना व अर्थिंगला जोडा आणि मधला रबरी जोड विसरू नका. जमिनीवर पाणी शिंपडलं म्हणजे अर्थिंग झाली असं होत नाही.

रोज रात्री कंप्रेसरच्या हवेने सगळं उडवून लख्ख करतो. चालेल ना?

नाही. तुम्ही रोज रात्री ढग तयार करता आणि धूळ खालून वर, जिथे हात पोचत नाही तिथे नेऊन ठेवता. मऊ ब्रश, ओलं फडकं (धातूची धूळ सोडून) किंवा धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम वापरा. घरगुती व्हॅक्यूमची मोटर स्वतःच ठिणग्या टाकते. आणि झाडण्याआधी धूळ बाहेर का येते ते शोधा. फाटलेला कॅनव्हास, सैल झालेलं झाकण, गळकी गॅस्केट, यातलंच काहीतरी निघतं. दोनशे रुपयांच्या गॅस्केटसाठी दोन माणसं रोज झाडू मारताना मी पाहिलीत.

बॅग फिल्टर लावला आहे. आता तरी निश्चिंत?

शेडची हवा स्वच्छ झाली, पण सगळी बारीक धूळ आता एकाच डब्यात जमा होते. आतल्या पिशव्या हवेच्या झटक्याने झटकल्या जातात, म्हणजे दर काही सेकंदांनी डब्यात ढग होतो. धूळ, हवा, ढग, बंद डबा, सगळं तयार. डक्टमधून एक ठिणगी आली की झालं.

म्हणून तो डबा शक्यतो शेडबाहेर असावा. त्याला स्फोट झाल्यावर आधी उघडणारं कमजोर पॅनल असावं आणि त्याचं तोंड जिथे माणूस उभा राहत नाही तिकडे असावं. मी एका ठिकाणी ते पॅनल थेट सायकल स्टँडकडे वळवलेलं पाहिलं आहे. शेडकडे येणाऱ्या डक्टमध्ये ज्वाळा उलटी येऊ नये म्हणून झडप आणि हॉपरखाली रोटरी व्हॉल्व्ह (धूळ खाली सोडणारी फिरती झडप) हवा. पिशव्या वीज वाहून नेणाऱ्या धाग्याच्या, जाळ्या अर्थिंगला जोडलेल्या. डक्टमध्ये हवेचा वेग कमी पडला तर धूळ आतच बसते. लाकडाच्या धुळीसाठी सेकंदाला १८ ते २० मीटर धरतात. दोन नवीन मशीन त्याच डक्टला जोडली की वेग गेला, हे नंतर कुणी मोजत नाही.

आणि डबा रिकामा करा. चीनमध्ये कुनशानला २ ऑगस्ट २०१४ रोजी गाडीची अॅल्युमिनियम चाकं पॉलिश करण्याच्या कारखान्यात स्फोट झाला, मृतांचा आकडा पुढे १४६ वर गेला. धूळ जमा होणाऱ्या पिंपात ओल शिरली, ओल्या अॅल्युमिनियमने स्वतःच उष्णता निर्माण केली आणि सुरुवात तिथून झाली. सफाईत आधीपासूनच कुचराई होती.

‘फ्लेमप्रूफ’ मोटरी आहेत. महाग घेतल्यात.

प्लेटवर काय लिहिलंय ते वाचा. गॅससाठी बनवलेली फ्लेमप्रूफ मोटर (आतली ज्वाळा बाहेर न जाऊ देणारी) आपोआप धुळीसाठी चालत नाही. धुळीत प्रश्न असतो तो कण आत शिरण्याचा आणि पृष्ठभाग किती तापतो याचा. धुळीचा ढग किती वेळा होतो त्यावरून जागांची झोन २०, २१, २२ अशी विभागणी असते (२० सगळ्यात धोक्याचा) आणि त्याप्रमाणे उपकरण निवडायचं. तापमानाचा नियम असा: एक आकडा म्हणजे ढग ज्या तापमानाला पेटतो त्याचे दोन तृतीयांश, दुसरा म्हणजे ५ मिलिमीटर थर ज्या तापमानाला पेटतो त्यातून ७५ अंश वजा, यातलं जे कमी असेल त्याच्या वर पृष्ठभाग जाता कामा नये.

अॅल्युमिनियमबद्दल सगळे वेगळंच बोलतात, का?

कारण ते वेगळंच आहे. स्फोट किती झपाट्याने दाब वाढवतो यावरून धुळीचे तीन वर्ग करतात. पीठ, साखर, लाकूड बहुधा पहिल्या वर्गात मोडतात, बारीक अॅल्युमिनियम तिसऱ्यात. पहिला वर्ग म्हणजे सौम्य असं मात्र समजू नका, इम्पीरियल शुगरची साखर पहिल्याच वर्गातली होती. अॅल्युमिनियमची ज्वाळा फार तापते, थोड्या ठिणगीने पेटते आणि पाण्याशी हायड्रोजन वायू तयार करते. त्यामुळे पॉलिशिंग-ग्राइंडिंगवाल्यांनी लोखंड आणि अॅल्युमिनियमची धूळ एकाच डक्टमध्ये कधीही नेऊ नये. लोखंडाच्या ग्राइंडिंगच्या ठिणग्या थेट अॅल्युमिनियमच्या ढिगात जातात.

आग लागलीच तर?

धुमसणाऱ्या ढिगाकडे जोरदार पाण्याचा फवारा किंवा एक्स्टिंग्विशरचा झोत मारू नका. त्याने धूळ उडते. पीठ, भुसा, कोंडा असेल तर पाणी हलक्या फवाऱ्याने, लांबून. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवर पाणी, फोम, नेहमीच्या एक्स्टिंग्विशरमधलं एबीसी पावडर काहीच नको. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं पावडर फावड्याने हलकेच पसरा. बॅग फिल्टर किंवा सायलोच्या आत धूर असेल तर दार उघडून बघू नका, त्याने आत हवा जाते. मशीन बंद, माणसं बाहेर, अग्निशमन दलाला फोन आणि फोनवर आधी हे सांगा की आत कोणती पावडर आहे.

यासाठी परवाना पेसोकडून घ्यायचा का? त्यांचं मुख्यालय इथेच तर आहे.

पेसोचं (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय नागपुरात असल्याने हा गोंधळ इथे जास्त होतो. ते स्फोटकं, पेट्रोलियम, गॅस सिलिंडर यांचं काम पाहतात. बेसन किंवा भुसा कायद्याच्या भाषेत ‘स्फोटक’ नाही. कारखान्याच्या बाबतीत संबंध येतो राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाशी. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३७ याच विषयावर आहे: यंत्र बंदिस्त ठेवा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची कारणं दूर ठेवा, यंत्र दाब सोसणारं नसेल तर व्हेंट किंवा अडथळे द्या, आणि स्फोटक किंवा ज्वलनशील माल ज्यात होता ते भांडं साफ केल्याशिवाय त्यावर वेल्डिंग करू नका. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने हा जुना कायदा आपल्यात सामावून घेतला. कलमाचा नंबर बदलला तरी काम तेच.

धुळीची तपासणी कशी होते?

नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे २० लिटरच्या गोल भांड्यात धूळ उडवून पेटवतात आणि दाब मोजतात. पेटण्याची खालची मर्यादा, पेटायला किती ठिणगी लागते, ढग आणि थर कोणत्या तापमानाला पेटतात, एवढे आकडे मागून घ्या. नमुना बीमवरचा द्या, पोत्यातला नको. बीमवरची धूळ जास्त बारीक आणि जास्त कोरडी असते, म्हणून जास्त वाईट.

मालक म्हणतो, उगाच भीती घालू नका. मी साधा ऑपरेटर आहे, काय करू?

भाषण देऊ नका, त्याने कुणी ऐकत नाही. मला एका फोरमनकाकांनी शिकवलेली युक्ती करा. केबल ट्रेचा एक वीतभर भाग पुसून स्वच्छ करा आणि त्याशेजारी खडूने तारीख लिहा. पंधरा दिवसांनी शिडी लावून मालकालाच वर चढवा. पुसलेला भाग ओळखू येत नसेल तर तो स्वतःच विचारतो, ‘एवढं पंधरा दिवसांत?’ पुढचं बोलणं सोपं जातं. नंतर सगळ्या शेडमध्ये अशा तारखा लिहा, कुठे धूळ जास्त येते याचा नकाशाच तयार होतो.

होळीचा रंग उडवतो त्यातही धोका आहे का?

मोकळ्या मैदानात, जवळ आग नसताना नाही. पण तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका वॉटर पार्कच्या कार्यक्रमात प्रेक्षकांवर उडवलेलं रंगीत कॉर्नस्टार्च पेटलं, १५ जण दगावले आणि सुमारे ५०० भाजले. तिथे बंद खोलीही नव्हती, फक्त ढग आणि उष्णता. स्टार्चचा गुलाल ब्लोअरने उडवणारे डीजेवाले आणि लॉनवाले यांनी हॅलोजनचे दिवे, फटाके आणि कोल्ड फायर त्याच्या जवळपास ठेवू नये.

आणि मोहल्ल्यातली पिठाची गिरणी?

दळण घेऊन बिनधास्त जा. माल थोडा आणि दार उघडं असतं. फक्त गिरणीवाल्या दादांना सांगा, दिव्याच्या होल्डरवरचं पीठ पुसा आणि पट्टा करपल्याचा वास आला की आधी मशीन बंद करा.